पत्ता कॅपिटलमध्ये टाका नाहीतर स्मॉलमध्ये, वेबसाईट उघडतेच. इंटरनेटचा दप्तर सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांची गोष्ट

कीबोर्डचा कॅप्स लॉक चुकून चालू राहिला आणि तुम्ही एखाद्या वेबसाईटचं नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत टाकलं, तर काय होतं?

काहीच होत नाही. वेबसाईट नेहमीसारखी उघडते.

आता तोच कॅप्स लॉक चालू ठेवून पासवर्ड टाकून बघा. दारातूनच परत पाठवतात.

एकच कीबोर्ड, एकच माणूस. पण एका ठिकाणी कॅपिटल आणि स्मॉल सारखंच धरलं जातं आणि दुसऱ्या ठिकाणी जमीन-अस्मानाचा फरक. असं का?

मराठी माणसाला तर हा प्रश्नच परका. देवनागरीत मोठा क आणि छोटा क असला प्रकारच नाही. वाक्याच्या सुरुवातीला येवो नाहीतर कुणाच्या नावात, क तो क. इंग्रजी अक्षरं मात्र दोन अवतारांत येतात. आणि जगभरच्या कॉम्प्युटरांची नावं नेमकी त्याच अक्षरांत ठेवली गेली. मग मोठ्या अक्षरांतलं नाव आणि छोट्या अक्षरांतलं नाव एकाच मशीनचं समजायचं की दोन वेगळ्या मशीनचं, हे कुठेतरी ठरायला हवं होतं.

ते ठरलं, कागदावर उतरलं आणि जगाने पाळलं. हा निर्णय कुणा एकाचा नव्हता. पण असे निर्णय जिथे लिहिले जात, तपासले जात आणि जपले जात, त्या टेबलामागे जवळपास तीस वर्षं एकच माणूस बसला होता. लांब दाढी, पायात सँडल, सुटाबुटाशी उभा दावा. नाव जॉन पोस्टेल.

एकाच शाळेतली तीन पोरं

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ चा. गाव अल्टाडेना, कॅलिफोर्नियातल्या लॉस एंजेलिसच्या जवळचं. शिक्षण झालं व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये.

आता योगायोग बघा. याच शाळेत विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर नावाची आणखी दोन पोरं शिकत होती. पुढे सर्फ टीसीपी/आयपीचे एक जनक झाले, तर क्रॉकर यांनी इंटरनेटच्या नियमांची कागदपत्रं सुरू केली. शाळेत असताना सर्फ आणि पोस्टेल यांची ओळखही नव्हती. गाठ पडली ती यूसीएलए या विद्यापीठात.

पोस्टेल यांनी १९६६ मध्ये यूसीएलएमधून पदवी घेतली आणि १९६८ मध्ये मास्टर्स केलं. त्याच वेळी प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या प्रयोगशाळेत एक वेगळंच काम चालू झालं होतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर दूरदूरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे, असं ते काम. या जाळ्याचं नाव आर्पानेट.

२९ ऑक्टोबर १९६९ ला यूसीएलएच्या कॉम्प्युटरवरून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणजे एसआरआयच्या कॉम्प्युटरला पहिला संदेश गेला. लॉगिन हा शब्द पाठवायचा होता, पण दोनच अक्षरं पोचली आणि पलीकडचं मशीन बंद पडलं. आजच्या इंटरनेटची सुरुवात अशी दोन अक्षरांनी झाली. त्या गटात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी पोस्टेल एक होते.

तेव्हाची मशीनं मोठ्यानेच बोलायची

कॅपिटल-स्मॉलची भानगड समजून घ्यायची तर त्या काळातली यंत्रं डोळ्यांसमोर आणायला हवीत.

तेव्हा स्क्रीन दुर्मीळ होते. टेलिटाईप नावाचं टाईपरायटरसारखं यंत्र असायचं. तुम्ही टाईप करायचं आणि उत्तर कागदाच्या गुंडाळीवर छापून यायचं. यातलं सर्वांत गाजलेलं मॉडेल ३३ फक्त मोठी अक्षरं छापायचं. छोटी अक्षरं त्यात नव्हतीच.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक नंबर देणारी आस्की नावाची यादी १९६३ मध्ये आली, तीही आधी मोठ्याच अक्षरांची. छोटी अक्षरं १९६७ च्या सुधारित यादीत पक्की झाली. मोठ्या ए चा नंबर ६५ आणि छोट्या ए चा ९७. फरक ३२ चा. पुढच्या प्रत्येक अक्षरातही फरक बरोबर ३२ चाच ठेवला. म्हणजे एक बिट इकडचा तिकडे केला की मोठं अक्षर छोटं होतं. हा एक बिट लक्षात ठेवा, शेवटाकडे तो पुन्हा येणार आहे.

तर परिस्थिती अशी होती की काही मशीनांना छोटी अक्षरं यायची, काहींना यायचीच नाहीत. युनिक्ससारख्या नव्या सिस्टीम छोट्या अक्षरांत रमल्या होत्या, जुन्या सिस्टीम मोठ्या अक्षरांत अडकल्या होत्या. दोघांना एकाच जाळ्यात एकमेकांना नावाने हाक मारायची होती. ज्याच्याकडे छोटी अक्षरंच नाहीत, त्याने छोट्या अक्षरांतल्या मशीनला हाक मारायची कशी?

नंबर वाटणारा माणूस

आर्पानेटवरच्या मंडळींनी कामाची एक पद्धत पाडली होती. कुणाला काही सुचलं की त्याने टिपण लिहायचं, नंबर टाकायचा आणि सगळ्यांना वाटायचं. बाकीच्यांनी त्यावर मतं द्यायची. या टिपणांना आरएफसी म्हणतात. शब्दशः अर्थ, तुमचं मत कळवा. पहिलं टिपण क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये लिहिलं. थोड्याच काळात या टिपणांच्या संपादनाचं काम पोस्टेल यांच्याकडे आलं आणि मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं.

दुसरी जबाबदारी त्यांनी स्वतःहून ओढवून घेतली. नेटवर्कवरच्या प्रत्येक सेवेला एक ठरलेला नंबर लागतो. मेल कुठल्या नंबरवर येणार, फाईल कुठल्या नंबरवर जाणार, हे सगळ्यांनी मिळून एकच धरायला हवं. नाहीतर एकजण एका खिडकीवर उभा आणि टपाल दुसऱ्याच खिडकीवर. मे १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका टिपणात सुचवलं की हे नंबर वाटायला कुणीतरी एक माणूस नेमा, आणि तो माणूस मीच असलो तरी चालेल.

कुणी हरकत घेतली नाही. हे काम कुणालाच नको होतं.

आज मेल २५ नंबरच्या पोर्टवर आणि वेब ८० नंबरच्या पोर्टवर येतं, ते याच यादीमुळे. या कामाला पुढे आयएएनए असं भारदस्त नाव मिळालं. बाहेरच्याला वाटेल, ही मोठी संस्था असणार. प्रत्यक्षात बराच काळ ती म्हणजे पोस्टेल, त्यांच्या सहकारी जॉयस रेनॉल्ड्स आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

१९७४ मध्ये पोस्टेल यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता कॉम्प्युटर एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात त्यांचं गणिती विश्लेषण. १९७७ मध्ये ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आयएसआयमध्ये आले. समुद्रकाठच्या मरीना डेल रे भागात हे ऑफिस होतं. पुढची एकवीस वर्षं त्यांनी तिथेच काढली.

घ्यायला दिलदार, द्यायला काटेकोर

जानेवारी १९८० मध्ये इंटरनेट प्रोटोकॉलचा एक मसुदा निघाला. संपादक पोस्टेल. त्यात त्यांनी एक तत्त्व मांडलं, जे पुढे पोस्टेलचा नियम म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

नियमाचा अर्थ साधा आहे. तुमच्या मशीनने बाहेर काही पाठवताना नियम काटेकोर पाळावेत. समोरून आलेलं मात्र थोडं वाकडंतिकडं असलं तरी, अर्थ कळत असेल तर, स्वीकारावं.

आपल्याकडे लग्नाच्या मांडवात हेच चालतं. आपण आहेर देताना नाव नीट लिहून देतो. पण समोरच्याने आपल्या नावात वेलांटी चुकवली म्हणून कुणी पाकीट परत करत नाही.

तेव्हा हे तत्त्व नुसतं शोभेचं नव्हतं. वेगवेगळ्या कंपन्यांची, विद्यापीठांची, लष्कराची मशीनं एकत्र आणायची होती. प्रत्येकाने दुसऱ्याची बारीकसारीक चूक काढायची ठरवली असती, तर जाळं उभंच राहिलं नसतं.

आणि या तत्त्वाचं सर्वांत रोजच्या वापरातलं उदाहरण म्हणजे होस्टनेम, म्हणजेच मशीनचं नाव.

१९८२ मधलं एक छोटं वाक्य

ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनी ईमेल एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर कसा जाईल याचे नियम लिहिले. एसएमटीपी म्हणतात तो हाच. आज त्यात सुधारणा झाल्या असल्या, तरी जगाचा ईमेल अजून त्याच पायावर चालतो.

या नियमांत कॅपिटल-स्मॉलबद्दल एक परिच्छेद आहे. मेलच्या पत्त्यात ॲट या चिन्हाच्या पलीकडे मशीनचं नाव असतं. त्याबद्दल पोस्टेल यांनी लिहिलं की त्यात मोठ्या-छोट्या अक्षरांचा फरक धरायचा नाही. ॲटच्या अलीकडे माणसाचं नाव असतं. त्याला मात्र हात लावायचा नाही, जसं आलं तसंच पुढे पाठवायचं. कारण काही मशीनांवर मोठ्या अक्षरांतला आणि छोट्या अक्षरांतला युजर ही खरोखरच दोन वेगळी माणसं असू शकतात.

यात पोस्टेल यांचं डोकं कसं चालायचं ते दिसतं. जे सगळ्यांच्या मालकीचं आहे, तिथे फरक मिटवून टाका. जे दुसऱ्याच्या घरातलं आहे, तिथे नाक खुपसू नका.

एसआरआयमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे तेव्हा नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनांची नावं असलेली एक फाईल होती. नाव होस्ट्स डॉट टीएक्सटी. नवीन मशीन जोडायचं तर त्यांना कळवायचं, ते यादीत टाकणार आणि मग जगभरच्या मशीनांनी ती फाईल उतरवून घ्यायची. नाव कसं असावं याचे नियमही याच गटाने लिहिले. ऑक्टोबर १९८५ च्या नियमांनुसार नाव जास्तीत जास्त २४ अक्षरांचं, त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, मधली रेघ आणि टिंब एवढंच चालणार, सुरुवात अक्षराने व्हायला हवी. आणि मोठं-छोटं अक्षर एकच धरायचं.

१९८१ मध्ये या यादीत २१३ मशीनं होती. पण १ जानेवारी १९८३ ला सगळं आर्पानेट टीसीपी/आयपीवर आलं आणि गर्दी वाढायला लागली. या बदलाचा आराखडाही पोस्टेल यांनीच लिहिला होता. आता एका फाईलमध्ये सगळ्यांची नावं मावणं शक्य नव्हतं.

यावर तोडगा म्हणून वेगवेगळ्या लोकांनी पाच प्रस्ताव दिले होते. पोस्टेल यांनी ते सगळे आयएसआयमधल्या पॉल मोकापेट्रिस या तरुण सहकाऱ्यासमोर ठेवले आणि यातून मधला मार्ग काढायला सांगितलं. मोकापेट्रिस यांनी मधला मार्ग काढण्याऐवजी नवीनच रचना उभी केली. तीच डीएनएस. एकाच माणसाकडे यादी ठेवण्याऐवजी प्रत्येक संस्थेने आपापल्या मशीनांची नावं सांभाळायची, आणि विचारणाऱ्याला वरून खाली वाट दाखवत न्यायचं. ऑक्टोबर १९८४ मध्ये पोस्टेल आणि रेनॉल्ड्स यांनी कॉम, ओआरजी, ईडीयू, जीओव्ही आणि देशांची दोन अक्षरी नावं यांची मांडणी प्रसिद्ध केली.

डीएनएसने कॅपिटल-स्मॉलचा जुना नियम उचलला, पण एक पुस्ती जोडली. नावं जुळवताना फरक धरायचा नाही. मात्र कुणी नाव मोठ्या अक्षरांत दिलं असेल, तर शक्यतो तसंच जपून ठेवायचं. का, तर पुढे कधीतरी हा फरक लागला तर माहिती गेलेली नसावी.

म्हणजे नजर समान, पण आठवण पक्की.

मग क्लस्टरवाले कपाळावर हात का मारतात?

१९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ साधे पीसी जोडून एक कामचलाऊ सुपरकॉम्प्युटर बनवला. नाव बेओवुल्फ. तेव्हापासून स्वस्तातली मशीनं जोडून मोठं गणित सोडवायची पद्धत जगभर पसरली. यालाच क्लस्टर म्हणतात. पुण्यात सी-डॅकने १९९८ मध्ये आणलेला परम १०००० सुद्धा याच वाटेवरचा, सन कंपनीची मशीनं जोडून केलेला.

क्लस्टरमध्ये शेकडो मशीनं असतात आणि प्रत्येकाला नाव लागतं. नोड १, नोड २, नोड ३ अशी. आता समजा एका मशीनवर नाव टाकताना कुणीतरी सवयीने पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं. आणि काम वाटणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत तेच नाव स्मॉलमध्ये आहे.

मग होतं असं की पिंग केलं तर मशीन उत्तर देतं. लॉगिन केलं तर होतं. डीएनएसला विचारलं तर ते म्हणतं, मशीन जागेवर आहे. पण काम वाटणारं सॉफ्टवेअर म्हणतं, या नावाचं मशीन माझ्याकडे नाहीच. ॲडमिन केबल तपासतो, फायरवॉल तपासतो, रात्र जाते. दोष असतो एका अक्षराचा.

कारण काय? डीएनएस पोस्टेल यांच्या परंपरेतलं, त्याला फरक धरायचा नाही हे शिकवलेलं. पण मशीनवरच्या इतर प्रोग्रॅमना नाव म्हणजे नुसती अक्षरांची माळ. त्यांच्या लेखी ६५ म्हणजे ६५ आणि ९७ म्हणजे ९७. लिनक्सवर तर फाईल आणि फोल्डरच्या नावांतही हा फरक धरला जातो. एखाद्या प्रोग्रॅमने प्रत्येक मशीनच्या नावाने फोल्डर केला, तर एकाच मशीनचे दोन फोल्डर तयार होऊ शकतात. कोण कोण आहे हे तपासणाऱ्या केर्बेरॉसमध्येही मोठं-छोटं अक्षर वेगळं धरतात, त्यामुळे नावाचं एक अक्षर बदललं की ओळख पटत नाही.

म्हणून अनुभवी ॲडमिन एकच पथ्य पाळतात. मशीनचं नाव कायम छोट्या अक्षरांत ठेवायचं, सगळ्या याद्यांमध्ये तसंच लिहायचं, आणि दुसऱ्याने कॅपिटलमध्ये पाठवलं तर आपल्या स्क्रिप्टने ते आधी छोटं करून घ्यायचं. आज कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिसने तर हा नियमच केला आहे. त्यात मशीनच्या नावात मोठं अक्षर चालतच नाही.

नीट बघितलं तर हा पोस्टेलचाच नियम आहे. देताना काटेकोर, घेताना दिलदार. गडबड तिथेच होते, जिथे माणसं त्याचा दुसरा अर्धा भाग लक्षात ठेवतात आणि पहिला विसरतात. समोरचा सांभाळून घेईल या भरवशावर आपण वाटेल तसं लिहायचं, आणि मग सांभाळून न घेणारा एक प्रोग्रॅम भेटला की रात्र जागवायची. या दिलदारपणावर नंतर टीकाही झाली. चुका खपवून घेत गेलं की त्याच रूढ होतात, असं आजचे काही तज्ज्ञ म्हणतात. त्यात तथ्य आहे. पण भिन्न जातकुळीची मशीनं पहिल्यांदा एकत्र आणताना हाच दिलदारपणा कामी आला, हेही तितकंच खरं.

जुहूपर्यंत पोचलेली यादी

देशांची दोन अक्षरी नावं कुणाकडे सोपवायची, हेही पोस्टेल यांच्याच टेबलावर यायचं. अमेरिकेचं यूएस हे डोमेन तर आयएसआयमधूनच चालायचं. भारताच्या वाट्याचं इन हे डोमेन १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि ते बराच काळ मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेतून सांभाळलं गेलं. हीच एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, आणि २००५ पासून हे काम निक्सीकडे आहे.

कुठला प्रदेश देश आहे आणि कुठला नाही, असा वाद आला की मोठमोठ्यांना घाम फुटतो. पोस्टेल यांनी त्यातून सरळ मार्ग काढला होता. मार्च १९९४ मध्ये त्यांनी लिहून टाकलं की देश कोणता हे ठरवणं आयएएनएचं काम नाही. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांच्या कोडची यादी आहे, त्यात जे असेल ते धरायचं. आणि ज्याच्याकडे डोमेन सोपवलं, तो त्याचा मालक नाही, विश्वस्त आहे.

ज्या दिवशी पोस्टेल यांनी चावी फिरवली

इथपर्यंत सगळं विश्वासावर चाललं होतं. पण इंटरनेटमध्ये पैसा आला. १९९५ पासून नेटवर्क सोल्यूशन्स ही खासगी कंपनी कॉमसारख्या डोमेनसाठी वर्षाला ५० डॉलर घ्यायला लागली. जे नाव काल फुकट मिळत होतं, त्याला आज किंमत आली. आणि मग प्रश्न उभा राहिला, या नावांचा अंतिम मालक कोण? पोस्टेल आणि त्यांचे इंजिनिअर सहकारी, कंपनी की अमेरिकेचं सरकार?

डीएनएसच्या मुळाशी रूट सर्व्हर असतात. ते बारा संस्था चालवतात आणि त्या सगळ्या तेव्हा मूळ यादी नेटवर्क सोल्यूशन्सच्या सर्व्हरवरून घ्यायच्या. २८ जानेवारी १९९८ ला पोस्टेल यांनी त्यातल्या आठ जणांना मेल पाठवला. यादी इथून पुढे आयएएनएच्या सर्व्हरवरून घ्या, एवढंच त्यात होतं.

आठही जणांनी ऐकलं.

कुठला हुकूम नव्हता, कुठला करार नव्हता. पोस्टेल सांगतायत म्हणजे योग्यच असणार, एवढ्यावर इंटरनेटच्या मुळाचा मोठा भाग एका माणसाच्या शब्दावर हलला. वापरणाऱ्या कुणालाही काही जाणवलं नाही, कारण यादी तीच होती. पण वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. त्याच आठवड्यात अमेरिकन सरकार नावांच्या कारभाराबद्दल आपला मसुदा जाहीर करणार होतं. सरकारकडून दबाव आला. ही केवळ चाचणी होती असं पोस्टेल यांनी सांगितलं आणि आठवडाभरात सगळं पूर्वीसारखं केलं.

तो खरंच प्रयोग होता की सरकारला दाखवून द्यायचं होतं, यावर आजही दोन मतं आहेत. पण त्या आठवड्याने एक गोष्ट सगळ्यांना कळली. जगाचं जाळं एका भल्या माणसाच्या शब्दावर चालत होतं. माणूस भला होता, म्हणून सगळं ठीक होतं. पण माणूस कायम नसतो.

३० सप्टेंबर १९९८ ला या कामासाठी आयकॅन ही संस्था नोंदवली गेली. पोस्टेल वर्षभर त्यासाठी झटत होते. आपल्या टेबलावरचं काम संस्थेच्या हाती देण्याची तयारी त्यांनीच चालवली होती.

त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९९८ ला, लॉस एंजेलिसमध्ये हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर झालेल्या गुंतागुंतीत त्यांचं निधन झालं. वय ५५.

दुसऱ्या दिवशी विंट सर्फ यांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. ती छापली गेली आरएफसी म्हणून, क्रमांक २४६८. ज्या मालिकेचं संपादन पोस्टेल यांनी जन्मभर केलं आणि ज्यात त्यांची स्वतःची दोनशेहून अधिक टिपणं आहेत, त्याच मालिकेत त्यांचं शेवटचं पान लागलं. पुढच्या वर्षी इंटरनेट सोसायटीने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला आणि पहिला पुरस्कार मरणोत्तर त्यांनाच दिला.

तो एक बिट

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेल्या बिटकडे येऊ.

पोस्टेल गेल्यानंतर दहा वर्षांनी, २००८ मध्ये डीएनएसमध्ये एक मोठी फट सापडली. तुम्ही नाव विचारलं की हल्लेखोर खऱ्या सर्व्हरच्या आधी खोटं उत्तर घुसवू शकत होता. तुम्ही बँकेचं नाव टाकायचं आणि पोचायचं चोराच्या दारात.

त्याच वर्षी काही संशोधकांनी एक झकास युक्ती मांडली. नाव विचारताना त्यातली अक्षरं मुद्दाम वेडीवाकडी मोठी-छोटी करायची. खऱ्या सर्व्हरला फरक पडत नाही, तो बरोबर उत्तर देतो. पण उत्तरासोबत तुमचा प्रश्न जसाच्या तसा परत येतो, त्याच मोठ्या-छोट्या अक्षरांत. खोटं उत्तर देणाऱ्याने तुमचा प्रश्न पाहिलेला नसतो, त्यामुळे कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं छोटं याचा त्याला अंदाजच लावावा लागतो. तो चुकला की उत्तर फेकून द्यायचं. गूगलच्या सार्वजनिक डीएनएसनेही ही युक्ती उचलली.

ही युक्ती जमली कारण जुन्या नियमाने दोन्ही गोष्टी सांभाळल्या होत्या. नावं जुळवताना फरक धरायचा नाही, पण आलेलं रूप पुसायचंही नाही. पुढे कुणाला तरी लागेल म्हणून राखून ठेवलेला तो एक बिट पंचवीसेक वर्षांनी पहाऱ्याला उभा राहिला.

आज भारत हे डोमेन देवनागरीतही मिळतं. आपण मराठीत नाव टाकतो, आतल्या आत ते इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत बदलतं आणि त्याच जुन्या डीएनएसमधून वाट काढतं. आणि क्लस्टरवरच्या प्रत्येक लिनक्स मशीनमध्ये होस्ट्स नावाची छोटी फाईल अजून असते, एसआरआयच्या त्या जुन्या यादीची वारसदार.

तुमच्या हाताखाली अशी मशीनं असतील, तर त्या फाईलमधली सगळी नावं छोट्या अक्षरांत आहेत ना, एवढं एकदा बघून घ्या.